झाडाची कुंडीशी सोयरीक

तोक्योच्या उएनो भागातल्या कलासंग्रहालयात दर हिवाळ्यात 'कोकुफू-तेन' हे बोन्सायचं प्रदर्शन भरतं. पहिलं भरलं १९३४ साली, आणि जपानमध्ये याहून मानाचं प्रदर्शन दुसरं नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला पाइन ज्या कुंडीत दिसतो, त्या कुंडीत तो वर्षभर राहत असेलच असं मात्र नाही. बरीचशी झाडं प्रदर्शनाच्या तोंडावर रोजच्या ऐसपैस कुंडीतून काढून एखाद्या जुन्या चिनी कुंडीत बसवली जातात. प्रदर्शन आटोपलं की झाड परत आपल्या जागी जातं आणि ती चिनी कुंडी स्वच्छ होऊन, कापडात गुंडाळून लाकडी पेटीत. कधी कधी झाडाचा मालक एक असतो आणि कुंडीचा दुसरा.

मग कुंडी नेमकी कोणासाठी? झाडासाठी, बघणाऱ्यासाठी की संग्राहकासाठी? हाताने घडवलेल्या कुंड्या जमवायच्या आणि त्यांची झाडांशी जोडी लावायची, हा आता जगभर पसरलेला छंद आहे. त्याचे कुंभार आहेत, व्यापारी आहेत, लिलाव आहेत, नकलाही आहेत. त्यावर लिहिणारे बहुतेक जण संकेतांपासून सुरुवात करतात : सूचिपर्णी झाडाला झिलई नसलेली कुंडी, पानगळीच्या झाडाला झिलईची, कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोनतृतीयांश, खोली बुंध्याच्या जाडीइतकी. नवशिका हे पाठ करतो आणि हे सगळं सौंदर्यशास्त्रातून उतरलेलं आहे असं धरून चालतो. मला तसं वाटत नाही. या संकेतांतला मोठा भाग व्यापारातून, भट्टीतून आणि पाण्याच्या स्वभावातून आला आहे; सौंदर्याची मोहोर त्यावर मागाहून उठली. कोणता संकेत कुठून आला हे उमगलं, की तो कुठे पाळायचा आणि कुठे खुशाल सोडायचा हेही ध्यानात येतं.

सुरुवात चीनपासून करावी लागते. थांग राजवटीतला राजपुत्र झांगहुआय याच्या इ.स. ७०६च्या कबरीत भिंतीवर एक सेवक रंगवला आहे. त्याच्या हातातल्या तबकात चिमुकली झाडं आणि दगड मांडलेले आहेत. जपानमध्ये १३०९ सालच्या 'कासुगा गोंगेन गेन्की' या गुंडाळीचित्रात तशीच तबकातली झाडं दिसतात. खास या कामासाठी कुंडी घडवण्याचं शास्त्र मात्र चीनमध्ये दोन ठिकाणी ठळकपणे वाढलं. एक जिआंग्सू प्रांतातलं यीशिंग. चहाच्या किटल्यांसाठी प्रसिद्ध असलेली तिथली 'झीशा' ही जांभळट, लोहयुक्त माती इतकी घट्ट भाजते की तिला झिलईची गरजच पडत नाही. दुसरं ग्वांगदोंगमधलं शीवान, जिथल्या कुंड्यांवर जाड निळी-हिरवी झिलई असते.

हा माल जहाजांनी जपानला जाऊ लागला आणि जपानी संग्राहकांनी त्याची प्रतवारी लावली. एदो काळापर्यंत आलेला तो 'कोवातारी', मेइजी काळाच्या आसपासचा तो 'नाकावातारी', आणि त्यानंतर दुसऱ्या महायुद्धापर्यंत आलेला तो 'शिंतो'. कुंडी भट्टीतून केव्हा निघाली यापेक्षा ती जपानच्या बंदरात केव्हा उतरली, याला इथे महत्त्व आहे. मातीच्या रंगांनाही नावं मिळाली : जांभळट ती शिदेई, तांबडी ती शुदेई, कावळ्याच्या रंगाची ती उदेई, पांढुरकी ती हाकुदेई. आजही कोकुफूला मोठ्या पाइनखाली किंवा जुनिपरखाली यांतलीच एखादी असण्याची शक्यता दांडगी. गडद, बिनझिलईची कुंडी म्हणजे भारदस्तपणा, हे समीकरण इथेच जुळलं असावं असं माझं मत आहे. परदेशातून आलेली, मोजक्यांनाच परवडणारी वस्तू सर्वांत मानाच्या झाडाच्या वाट्याला येणार, हे ओघानेच आलं. तपकिरी रंग खोडाच्या सालीशी मेळ खातो, हे खरंच आहे. पण तो मेळ शीवानच्या एखाद्या गडद झिलईशीही बसला असता.

जपानने आपल्या कुंड्या घडवायला घेतल्या तेव्हा त्यांचं मुख्य केंद्र झालं आइची प्रांतातलं तोकोनामे. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी हे एक गाव. मेइजी काळात इथून सांडपाण्याचे मातीचे नळ देशभर जात. गावातल्या एका चढणीच्या भिंती अजूनही त्या नळांनी आणि दारूच्या जुन्या बरण्यांनी रचलेल्या आहेत. १८७८च्या सुमारास जिन शीहंग नावाचा चिनी कारागीर इथे आला आणि त्याने यीशिंगच्या पद्धतीने किटल्या घडवायला शिकवलं. म्हणजे ज्या मालाची आयात होत होती, त्याची हातोटीच गावात आली. पुढे विसाव्या शतकात बोन्साय-कुंडी म्हटलं की तोकोनामे, इतकं हे गाव त्या धंद्यात रुळलं. तिकडे १९२३च्या कांतो भूकंपानंतर तोक्योतले काही बोन्सायवाले शहर सोडून ओमियाला गेले आणि १९२५मध्ये त्यांनी तिथे बोन्सायचं आख्खं गाव वसवलं. झाडं विकणारे एका जागी आल्यावर त्यांच्या कुंड्यांची मागणीही आकाराला आली : कोणत्या मापाच्या, किती खोल, कोणत्या रंगाच्या. आज त्याच ओमियात २०१० साली उघडलेलं बोन्साय कला संग्रहालय आहे आणि तिथे झाडांच्या बरोबरीने कुंड्यांचाही स्वतंत्र संग्रह आहे.

आता भट्टीकडे. मुरलेला संग्राहक कुंडी हातात आली की आधी उलटी करतो. वरून दिसणारी झिलई मोहात पाडते. कुंभाराचं खरं काम तळाशी वाचता येतं. तिथे माती उघडी असते, म्हणून तिचा रंग आणि पोत कळतो. भोकं पुरेशी मोठी आहेत का, त्यांच्या कडा ओल्या मातीत साफ केल्या आहेत की तशाच खरखरीत सोडल्या आहेत, हे बोट फिरवलं की समजतं. मोठ्या भोकांच्या बाजूला तार ओवायची बारीक भोकं हवीत, कारण नव्याने लावलेलं झाड तारेने कुंडीला बांधावं लागतं. झाड हललं तर कोवळी मुळं तुटतात. तळ आतून मधोमध खोलगट असेल तर पाणी साचतं. झिलई पायांच्या थोडी वरच थांबलेली असावी, नाहीतर भाजताना कुंडी भट्टीच्या फळीला चिकटते. आतल्या बाजूला झिलई मुळीच नसावी, म्हणजे मातीला आणि मुळांना धरायला खडबडीत पृष्ठभाग मिळतो. आणि शेवटी कुंभाराचा शिक्का. नवखा माणूस हा शिक्का सर्वांत आधी शोधतो, ही गोष्ट वेगळी.

'हाताने घडवलेली' या शब्दांतही बऱ्याच पायऱ्या आहेत. गोल कुंडी चाकावर निघते, आणि चांगल्या हाताला त्यात फार वेळ लागत नाही. लंबगोल कुंडी चाकावर सरळ निघतच नाही; गोल घडवून मग तिला दाबून किंवा कापून आकार द्यावा लागतो, नाहीतर साच्यात माती दाबून ती काढतात. आयताकृती कुंडी ही सगळ्यांत अवघड. मातीच्या लाद्या लाटायच्या, थोड्या ताठरू द्यायच्या, कापायच्या, जोडायच्या. स्टोनवेअरची, म्हणजे घट्ट भाजायच्या भांड्यांची, माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा-बारा टक्के आक्रसते. हे आक्रसणं सगळीकडे सारखं झालं नाही तर लांब भिंत आत वाकते, तळ फुगतो, कोपऱ्याचा सांधा उकलतो. काठावर जी जाडसर पट्टी दिसते ती पुस्तकांत झाडाच्या 'ताकदी'शी जोडलेली असते. कुंभाराच्या दृष्टीने ती भिंत वाकू नये म्हणून दिलेली बळकटी आहे. मऊ, वळवलेल्या कोपऱ्यांचंही तसंच : तिथे ताण कमी येतो आणि कुंडी तडकण्याची शक्यता घटते. धारदार कोपऱ्यांची, सरळसोट भिंतींची मोठी आयताकृती कुंडी जुन्या संग्रहांत एवढी मोलाची का, याचं एक उत्तर इथे सापडतं. तशी कुंडी भट्टीतून धड बाहेर येणं हेच मुळात कर्तृत्व. साच्याला नाक मुरडणाऱ्यांनी यीशिंग आणि तोकोनामे या दोन्ही ठिकाणी साचे सर्रास वापरले गेले आहेत, हे विसरू नये.

भाजण्याची गोष्ट थोडक्यात. आपल्याकडची लाल कुंडी साधारण हजार अंशांच्या आत भाजलेली असते, ती पाणी शोषते. बोन्सायच्या चांगल्या कुंड्या १२०० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे भाजतात; तिथे माती जवळजवळ काचेसारखी घट्ट होते. म्हणून 'बिनझिलईची कुंडी श्वास घेते, झाडाला बरी' हे जे वारंवार ऐकायला मिळतं, ते अशा लाल कुंडीच्या, म्हणजे टेराकोटाच्या, बाबतीत खरं आणि घट्ट भाजलेल्या स्टोनवेअरच्या बाबतीत जवळपास निरर्थक आहे. अशा कुंडीला झिलई असो वा नसो, भिंतीतून हवा-पाण्याची ये-जा नगण्यच. युरोपात घट्ट भाजणीचं कारण आणखी वेगळं : भिंतीत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावतं आणि कच्ची कुंडी एका हिवाळ्यात पापुद्रे सोडते.

या सगळ्यात ज्याचा सर्वांत कमी विचार होतो ते म्हणजे पाणी. कुंडीला भोकं असली तरी पाणी घातल्यावर तळाशी एक थर ओलागच्च राहतो. केशाकर्षण तिथे गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. या थराची उंची मातीच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर अजिबात नाही. समजा, एखाद्या मिश्रणात हा थर दोन सेंटिमीटरचा आहे. वीस सेंटिमीटर खोल कुंडीत तो एकदशांश भाग झाला, तर चार सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये निम्मी कुंडी. तेच मिश्रण, तेच झाड, पण उथळ कुंडीत निम्मी मुळं पाण्यात. म्हणूनच जपानी लोक बारीक माती चाळून फेकून देतात आणि अकादामा, प्युमिस यांसारखे टपोरे दाणे वापरतात. कुंडीला पाय असण्याचंही हेच प्रयोजन : भोकाखाली हवा राहते, पाणी अडून राहत नाही. आणि 'खोली बुंध्याच्या जाडीइतकी' हा लाडका संकेत इथे अडचणीत येतो. तीन सेंटिमीटर बुंध्याच्या झाडाला तीन सेंटिमीटर खोल कुंडी प्रदर्शनाच्या दिवसांत सुरेख दिसेल. वर्षभर तिच्यात झाड सांभाळायला मिश्रण, पाणी आणि सावली यांचा सततचा हिशेब ठेवावा लागतो. कोकुफूवाले झाड परत ऐसपैस कुंडीत नेतात ते याचसाठी.

दोनतृतीयांश आणि बुंध्याची जाडी हे आकडे इंग्रजी वाचणाऱ्या जगात रूढ करण्यात जॉन नाका यांचा वाटा मोठा. कोलोरॅडोत जन्मलेला, लहानपणची बरीच वर्षं जपानमध्ये काढलेला आणि पुढे कॅलिफोर्नियात शिकवणारा हा माणूस. १९७३ साली आलेलं त्यांचं 'बोन्साय टेक्निक्स' हे पुस्तक कित्येकांचं पहिलं पाठ्यपुस्तक ठरलं. शिकवणाऱ्याला आकडे लागतात, आणि सुरुवातीला ते उपयोगीही पडतात. त्यांच्या पुढे जाऊन बघायला हवं ते असं : रुंद पसरलेल्या झाडाला उंचीपेक्षा रुंदीचं माप लावा, खाली झेपावणाऱ्या झाडाला खोल कुंडी द्या, नाहीतर ते कलंडेल, उंच सडपातळ 'बुंजिन' झाडाला लहानशी गोल कुंडी पुरते, कारण त्याचा सगळा जीव खोडाच्या रेषेत असतो, आणि अनेक झाडांच्या रानाला अगदी उथळ, लांब ट्रे किंवा सपाट दगड, म्हणजे जमीन पसरल्याचा भास होतो.

रंगाचा विचार पुस्तकांत पानभर असतो आणि त्यात एक गोष्ट हमखास निसटते : झाड कोणत्या ऋतूत दाखवायचं आहे? मेपलचंच घ्या. वसंतात कोवळी पालवी, उन्हाळ्यात गर्द हिरवा, शरदात लालबुंद, हिवाळ्यात नुसत्या काटक्यांची जाळी. जपानी लोक त्याला बऱ्याचदा हिवाळ्यात पाहतात, कारण फांद्यांची बारीक विणकाम केलेली रचना तेव्हाच उघडी पडते. त्या राखाडी-पांढऱ्या सालीखाली मलईच्या रंगाची किंवा फिकट निळी झिलई बसते. तीच कुंडी लालबुंद पानांखाली झगझगीत वाटू शकते, तर लाल फळं लगडलेल्या रानसफरचंदाखाली गडद निळी कुंडी फळांना उठाव देते. फुलाच्या रंगाचीच झिलई घेण्याचा मोह मात्र टाळावा. फुलं आठवडाभर टिकतात आणि एरवी कुंडी एकटीच बोलत बसते.

आणखी एक जुनी विभागणी आहे : 'पुरुषी' झाडाला कोनदार, खोल कुंडी आणि 'बायकी' झाडाला नाजूक, लंबगोल. पुण्या-मुंबईतल्या बोन्सायच्या कार्यशाळांमध्ये बहुसंख्येने बसलेल्या बायका ही विभागणी निमूटपणे वहीत उतरवून घेतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. त्या शब्दांमागे निरीक्षण आहे, नाही असं नाही. जाड, खडबडीत साल, मोडलेल्या फांद्या, सुकून पांढरं पडलेलं लाकूड यांना जड आकार पेलतो; गुळगुळीत, वळणदार खोडाला हलका आकार शोभतो. पण हे 'जड' आणि 'हलकं' म्हणूनच सांगता येतं. त्यासाठी झाडाचं लिंग ठरवायची गरज नाही.

प्रत्यक्ष जोडी लागते ती कुंडी बदलण्याच्या दिवशी, झाड जुन्या कुंडीतून काढल्यावर. कागदावर ठरवलेल्या कुंडीचा निकाल तेव्हा मुळं लावतात. बुंध्याखाली एक जाड मूळ आडवं पसरलं असेल आणि यंदा ते कापणं धोक्याचं असेल, तर ती देखणी उथळ कुंडी पुन्हा कपाटात जाते. झाडाचा दर्शनी भाग बदलला, दहा अंशांनी फिरवला, तरी आधीची लांबी चुकते. म्हणून अनुभवी लोक एका झाडासाठी तीन-चार कुंड्या हाताशी ठेवतात, आणि संग्रह वाढायला लागतो तो इथून. ही गरज आहे की निमित्त, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांच्या घरी रिकाम्या कुंड्या झाडांपेक्षा जास्त आहेत.

संग्रहाची सर्वांत तीव्र झिंग चढते ती 'शोहिन' म्हणजे वीसेक सेंटिमीटरपर्यंतच्या झाडांच्या कुंड्यांमध्ये. क्योतोला दर जानेवारीत भरणारं 'गाफू-तेन' हे या लहान झाडांचं प्रदर्शन. मोठ्या झाडांच्या बाबतीत कुंडीने मागे राहावं असं म्हणतात. शोहिनमध्ये तिला पुढे यायची मुभा आहे. तळहातावर मावणाऱ्या कुंडीवर निसर्गदृश्यं रंगवलेली असतात, झिलईचे थेंब ओघळलेले असतात, पायांवर कोरीवकाम असतं. या प्रांतातलं सर्वांत मोठं नाव हेइआन तोफुकुजी. क्योतोतल्या तोफुकुजी देवळावरून हे नाव पडलं. विसाव्या शतकातला हा कुंभार आयुष्यभर हलाखीत राहिला आणि दुसऱ्यांच्या भट्ट्यांत जागा मागून आपल्या कुंड्या भाजून घेत असे. भट्टी आपली नाही, ज्वाला आपल्या हातात नाही, त्यामुळे त्याच्या झिलया एकसारख्या येत नसत. हिरव्यात तांबडा शिरे, निळ्यात राखाडी. आज संग्राहक नेमक्या त्या अनिश्चिततेसाठी भलीमोठी रक्कम मोजतात. साहजिकच त्याच्यासारख्या नामवंतांच्या शिक्क्यांच्या नकलाही निघतात. शिक्का उठवणं सोपं आहे. मातीचा पोत, पायाचं वळण आणि काठाची जाडी यांची नक्कल अवघड. म्हणून जाणकार पुन्हा कुंडी उलटी करतात.

जुन्या कुंडीवर काळाने चढवलेला मंद ओशट तजेला असतो. जपानी त्याला काळाचाच मान देतात. पाणी, माती, हात, धूळ आणि अनेक वर्षांचं पुसणं यांतून तो येतो. घाईवाले तेल चोळतात, चहाचं पाणी लावतात, कुंडी बाहेर पावसात ठेवतात. तेलाचा हलका हात वाईट नाही. नवी कुंडी थोडी शांत दिसते. पण खरा तजेला खाचाखोचांत आणि सपाट भागावर वेगवेगळा बसतो, आणि चोळलेला सगळीकडे एकसारखा. आपल्याकडे बोअरिंगचं पाणी घालणाऱ्यांच्या कुंड्यांवर काठाशी पांढरे क्षार धरतात. त्याला कोणी काळाचा ठसा समजू नये.

पाश्चात्त्य देशांत ही कला उशिरा आली आणि सुरुवातीला कुंड्या आयातच होत. मग तिथले कुंभार पुढे आले : ब्रिटनमध्ये डॅन बार्टन, गॉर्डन डफेट, जर्मनीत पीटर क्रेब्स, अमेरिकेत सारा रेनर, रॉन लँग. निक लेन्झसारखा माणूस झाडं आणि कुंड्या दोन्ही घडवायचा, आणि दोन्हींत खोडकरपणा करायचा. इटलीत मिलानजवळ पाराबियागोला १९९१ साली उघडलेल्या क्रेस्पी बोन्साय संग्रहालयात जुन्या चिनी-जपानी कुंड्या झाडांइतक्याच इतमामाने मांडलेल्या आहेत. अलीकडचा प्रवाह आणखी पुढे गेला आहे. २०१५ साली अमेरिकेत पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात 'आर्टिझन्स कप' हे प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकी डोंगरांतल्या जुनिपर-पाइनना जपानी चौकट कितपत लागू पडते, हा प्रश्न उघडपणे पुढे आला. फुटलेल्या खडकासारख्या ओबडधोबड कुंड्या, लाकडाच्या फळ्या, लोखंडी पत्रे असे पर्याय तिथे आता वापरले जातात. यातलं सगळंच टिकेल असं नाही. काही कुंड्या झाडापेक्षा मोठ्याने ओरडतात. पण प्रश्न योग्य आहे : झाड जिथलं आहे तिथली माती आणि दगड त्याच्या पायाशी का नसावेत?

हाच प्रश्न आपल्याकडे विचारायला हवा, आणि तो फारसा विचारला गेलेला नाही. मुंबईत ज्योती आणि निकुंज पारेख यांच्यासारख्यांनी बोन्साय लोकांपर्यंत नेलं, पुण्यात २०१८ साली 'बोन्साय नमस्ते' हे मोठं आंतरराष्ट्रीय संमेलन झालं. झाडं घडवण्यात आपल्याकडचे हात कुठेच कमी नाहीत. पण आपली झाडं म्हणजे वड, नांदरुक, उंबर, चिंच, बोगनवेल, कामिनी, विलायती चिंच. यांतलं एकही पानगळ-सूचिपर्णी या जपानी खात्यात सरळ बसत नाही. वड घ्या. त्याची साल गुळगुळीत राखाडी, म्हणजे पुस्तकाप्रमाणे झिलई आणि लंबगोल आकार. पण त्याचा घेर, त्याचा बुंध्याजवळचा पसारा, त्याच्या पारंब्या या सगळ्यांत जे वजन आहे ते कोनदार, मातकट कुंडी मागतं. शिवाय पारंबी. पावसाळ्याच्या दमट हवेत ती सुटते, खाली येते, आणि जिथे टेकते तिथे माती असावी लागते. म्हणजे वडाची कुंडी बुंध्याच्या जाडीवर ठरवून चालत नाही. फांद्यांच्या विस्ताराखाली, निदान जिकडे पारंब्या उतरवायच्या आहेत तिकडे, ती पोचली पाहिजे. हे माप कुठल्याच जपानी पुस्तकात मिळणार नाही, कारण त्यांना त्याची गरज पडली नाही.

हवेचंही तसंच. कोकणात जून ते सप्टेंबर उथळ ट्रे ओलागच्च राहतो. बरेच जण एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून कुंडी तिरकी ठेवतात, म्हणजे ओला थर एका कोपऱ्यात जमतो आणि बाकीची मुळं सुटतात. उलट विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की गडद, उथळ कुंडीच्या भिंतीला चिकटलेली मुळं अक्षरशः भाजतात. तिथे फिकट रंगाची, थोडी खोल आणि जाड भिंतीची कुंडी हवी. रंगाचा संकेत नंतर. रायगडातल्या आणि नागपुरातल्या माणसाने एकाच पुस्तकाप्रमाणे कुंडी घेऊ नये, एवढी ही साधी गोष्ट आहे.

बाजारात मिळतं काय? नर्सरीतले बहुतेक 'बोन्साय ट्रे' उत्तर प्रदेशातल्या खुर्जाहून येतात. झगझगीत निळे, तपकिरी, मेंदी रंगाचे. स्वस्त आणि मजबूत, पण पुष्कळदा आतूनही झिलई, भोक एकच आणि तेही बारीक, तारेच्या भोकांचा पत्ता नाही, पाय असले तर नावापुरते. भोकं हिरकणीच्या बिटने वाढवता येतात. ड्रिल करताना पाण्याची बारीक धार ठेवायची आणि उलट्या बाजूने जोर द्यायचा नाही. काही जण सिमेंटचे ट्रे घरी ओततात, रानासाठी कडाप्प्याची फरशी वापरतात. त्यात कमीपणा काहीच नाही; झाड वाढवण्याच्या वर्षांत तर हेच बरं. दाखवण्याच्या कुंडीची गोष्ट निराळी, आणि ती घडवणारे हात आपल्याकडे आहेत. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली पाँडिचेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून घट्ट भाजलेल्या स्टोनवेअरची एक पिढीच तयार झाली. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकामाचं जुनं केंद्र आहे. पुण्या-मुंबईत आज भट्टी असलेले अनेक स्टुडिओ आहेत. त्यांतले बरेच जण मग आणि वाडगे करतात, कारण ते विकले जातात.

कुंभाराकडे जाताना बोन्सायवाला बहुधा मोबाइलवर एखाद्या जपानी कुंडीचा फोटो दाखवतो आणि 'अशी हवी' म्हणतो. फोटोत तळ दिसत नाही, भिंतीची जाडी दिसत नाही, भोकं दिसत नाहीत. त्याऐवजी झाडच घेऊन जावं, किंवा निदान मुळांच्या पसाऱ्याचं कागदावर कापलेलं माप. भोकं किती मोठी, तार कुठून जाणार, पाय किती उंच, कुंडी कुठल्या जिल्ह्यात आणि उन्हात किती वेळ राहणार, हे सगळं आधी बोलून घ्यावं. बारा इंचांची आयताकृती कुंडी हवी असेल तर कुंभाराला ओली माती साडेतेरा इंचांच्या पुढेच कापावी लागते, आणि तशा चार केल्या तर भट्टीतून चारही सरळ निघतील याची हमी कोणी देत नाही. किंमत ऐकून भुवया उंचावतात तेव्हा वाकलेल्या, तडकलेल्या कुंड्यांचा खर्चही त्या एका सरळ कुंडीवर चढलेला असतो, आणि खुर्जाच्या साच्यातल्या ट्रेशी तिची तुलना करून घासाघीस करायला बसलं, तर कुंभार पुढच्या खेपेला मगच करतो.